शेवटची बांधी आधी

सूरजचा गेटपास पुन्हा बंद झाला, तोही ऐन धान निसवायच्या दिवसांत. वरठीच्या पुढे एका कंपनीत तो ठेकेदारामार्फत वेल्डिंगला जायचा. सकाळी गेटवरच्या मशीनला पास लावला तर मशीन नुसतंच कुरकुरलं. वॉचमन ओळखीचा, सूरजच्या डब्यातलं लोणचं हक्कानं खाणारा. पण त्या दिवशी त्यानं सूरजच्या तोंडाकडे पाहिलं नाही. म्हणाला, "हेल्मेट ठेवून दे अन् बाजूले हो. मागच्याइले आत जाऊ दे."

सूरजनं हेल्मेट ठेवलं आणि बाजूला झाला. मागच्यांचे पास एकामागून एक वाजत गेले, पोट्टे आत गेले. थांबून कोणी विचारलं नाही. विचारणार तरी काय? मागच्या खेपेला दुसऱ्याचा पास बंद झाला होता, तेव्हा सूरजही असाच मान खाली घालून आत गेला होता.

एवढ्यात घरी जायची लाज वाटली. रस्त्यात मोहाच्या झाडाखाली त्यानं गाडी लावली आणि मायनं दिलेला डबा सकाळीच उघडला. भरला डबा घरी गेला असता तर न सांगता सगळं कळलं असतं. भूक नव्हती, तरी त्यानं डबा पुसून खाल्ला.

बेहडाटोल्याला पोचला तर घरी निराळंच होऊन बसलेलं. बाप ताराचंद खाटेवर आडवा, पाय उशीवर, घोटा सुजून टम्म. तलावाच्या पाळीवरून घसरला होता. माय ललिताबाई हळदीचा लेप लावत होती आणि तोंडाचा पट्टाही सुरूच होता.

"म्या म्हणलं होतं, त्या घासल्या चपला घालून पाळीवर जाऊ नका म्हणून. पण माह्यं कोण आयकते? गावाचं पाणी, गावाचं पाणी! गावानं आता नवा पाय देल्ला काय?"

"तू काहून आला बे इतक्या लवकर?" ताराचंदनं पोराला विचारलं.

"मशीन बंद हाये."

ललिताबाईनं डबा हातात घेतला, हलका लागला, आणि तिला ते पटलं. ताराचंद मात्र बिडी कामगारांच्या मोर्च्यांत म्हातारा झालेला माणूस. पोराचं तोंड पाहूनच त्याला समजलं.

"मशीन बंद का पास बंद?"

"पास."

"तरी म्या सांगतलं होतं, चार पोट्टे एक व्हा, मंग..."

"झालं सुरू!" सूरज उखडलाच. "एक व्हा, एक व्हा! तुमी झाले ना एक? मंग मायच्या बोटाइले काय भेटलं सांग ना, बाबा."

ललिताबाईनं बोटं पदरात घेतली. आयुष्यभर बिड्या वळून तिच्या बोटांची टोकं काळवंडली होती, नखं तंबाखूनं खाल्ली होती. कारखानदारानं कारखाना उचलून नेला आणि ताराचंदच्या हातात राहिला तो नुसता लाल बावटा. त्याचं कापडही आता धानाच्या कोठीच्या तोंडाला बांधलेलं होतं, धुऊन धुऊन गुलाबी पडलेलं. सूरजला ते कापड पाहिलं की चीड यायची. सगळ्यांचं सगळ्यांचं करत माणसाचं स्वतःचं काहीच उरत नाही, हे त्याचं ठाम मत होतं. मोबाईलवर एक कोटवाला माणूस रोज सांगायचा की गरीब राहणं ही नुसती सवय आहे. सूरज ती सवय मोडायला निघालेला होता. पण सवय मोडायला कोणी कामावर तर घ्यायला पाहिजे ना!

ताराचंद भांडला नाही. म्हणाला, "ते राहू दे. उद्या तुडूम काढा लागते. माह्याच्यानं पाण्यात उतरणं होत नाही. तूच जाय."

बेहडाटोल्याच्या तलावाला तळाशी दगडी तोंड आहे, त्याला तुडूम म्हणतात. त्यातला लाकडी खुंटा उपसला की पाणी पाटात येतं आणि पाटातून बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत जातं. खुंटा काढायचा मान गावाचं पाणी वाटून देणाऱ्या पाणकराचा आणि पाणकर म्हणजे ताराचंद. यंदा पावसानं दसऱ्याआधीच पाठ फिरवली. लोंबी पोटात घेऊन धान उभा आणि पायाखाली भेगा. तलावात पाणी होतं ते जेमतेम एका पाळीचं.

"आधी शेवटची बांधी, जनाबाईची," ताराचंद बजावून सांगू लागला. "मंग एक एक करत वर या लागते. वरच्याचं तोंड आधी उघडलं तं खाली थेंब जात नाही. अन् आपली बांधी सगळ्याच्या मांगून."

"आपली काहून मांगून?"

"खुंटा आपल्या हातात हाये म्हणून."

सूरजनं कपाळावर हात मारून घेतला आणि गाडीला किक मारली.

पानठेल्यावर सुगत बसलेला होता. हा सूरजचा शाळेपासूनचा दोस्त. नागपूरला खोली करून स्पर्धा परीक्षेच्या मागे लागला, वय संपत आलं तेव्हा पुस्तकांची पेटी घेऊन गावी परतला. आता त्याच्या मोबाईलवर वेगळेच लोक बोलायचे.

"तुह्या बाबाचं बरोबर हाये बे," सुगत म्हणाला. "जग फिरून तिथंच येऊन राह्यलं. बाहेरच्या देशातले पोट्टेबी आता समाजवाद म्हणून राह्यले. शिकून सवरून घरभाडं परवडत नाही त्याइले."

"त्याइले घरभाडं परवडत नाही म्हणून मी झेंडा धरू?"

"पास धरून पाह्यला ना तू. काय भेटलं?"

"अन् तुले पुस्तकं धरून?" सूरज हसला. "तूच म्हणे ना बे, ज्याच्यात दम हाये तो वर जाते, बाकीचे रडते?"

"म्हणत होतो," सुगत म्हणाला. "अधिकारी होणार होतो ना तवा."

हे त्यानं इतकं सरळ सांगितलं की सूरजला पुढे चिडवता येईना. तेवढ्यात चंद्रकुमारची पांढरी गाडी ठेल्यापाशी थांबली. चंद्रकुमार म्हणजे गावची राइस मिल, पाटाच्या अगदी तोंडाशी असलेल्या मोठमोठ्या बांध्या, आणि कंपनीत पोट्टे पुरवायचा ठेकाही त्याचाच. सूरजचा पास त्याच्याच सहीनं निघायचा आणि त्याच्याच सहीनं बंद व्हायचा. त्यानं काच खाली केली, सूरजला जवळ बोलावलं.

"नाराज नको होऊ बाबू. वरून कमी केले, मी काय करू? पण एक पास निघून राह्यला. वर्षभराचा. तुह्या नावानं करतो मी."

वर्षभराचा पास म्हणजे वर्षभर गेटवर मान ताठ. "करा ना भाऊ," तो म्हणाला.

"करतोच. उद्या तुडूम तू काढून राह्यला म्हणते?" चंद्रकुमार सहज बोलल्यासारखं बोलला. "माह्या बांध्या वरच्या अंगाच्या. माती भुरकी, पाणी धरत नाही. आधी माह्या भरून घे. खाली मंग जाऊ दे आरामात. तुह्या बाबाले सांगाची गरज नाही. जुना माणूस हाये, त्याले त्रास कायले?"

काच वर गेली. सुगतनं विचारलं, "काय म्हणे?" सूरज म्हणाला, "काही नाही. पायाची चौकशी करे."

सकाळी सूरज तलावात उतरला. पाणी कमरेला लागलं, गार, शेवाळाच्या वासाचं. बुडी मारून त्यानं खुंट्याला दोरी लावली आणि पायानं चिखल रेटत ओढलं. खुंटा हलला, तुडुमातून गुरगुर आवाज आला आणि पाट वाहता झाला. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला? इतक्या दिवसांत त्याच्या हातानं काही सुरू झालं होतं.

मग तो पाटानं खाली आला. चंद्रकुमारच्या बांधीपाशी थांबला, इकडे तिकडे पाहिलं. धुऱ्याचं, म्हणजे बांधीच्या बांधाचं, तोंड पावड्यानं मोकळं केलं आणि पाटात आडवी मातीची पाळ टाकली. पाणी वळलं. एक चुळूक पाणी पाळीवरून खाली गेलं, बाकी सगळं चंद्रकुमारच्या धानात शिरलं. भेगा बुडबुडे सोडत पाणी पिऊ लागल्या. 'एकदा भरून होऊ दे, मंग खाली सोडतो,' सूरज स्वतःशी म्हणत होता. 'पाणी कुठी पळून नाही चाललं.'

उन्हं चढली तशी खालून जनाबाई आली. एकटी बाई, नवरा गेल्यापासून शेवटची बांधी तीच पाहते. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पावडा, पाय चिखलानं नाही तर धुळीनं भरलेले. पाटाच्या वळणावर बांबूचं बेट आहे, तिथं सूरज धावत जाऊन तिला आडवा झाला. पुढे आली असती तर तिला सगळं दिसलं असतं.

"काहून रे बाबू, पाणी कुठी अटकलं? माह्याकडे तं नुसता ओलावा येऊन राह्यला."

"सोडलं तं हाये काकी मी," सूरज म्हणाला. जीभ कशी वळली, त्याचं त्यालाच कळलं नाही. "खेकड्याइनं पाट पोखरला असन. भोकाइतून जिरून राह्यलं."

"अगं बाई, तसंच असन!" जनाबाईनं लगेच मान डोलावली. पाणकराचा पोरगा सांगतो, मग शंका कशाची? "तू तुडूम पाह्य बाबू. भोकं मी बुजवते. तुह्या बाबाचा पाय कसा हाये?"

"बरा हाये."

ती वळली. पाटात उतरली, कमरेत वाकली, आणि काठाला हात लावत लावत चालू लागली. जिथं भोक सापडेल तिथं चिखलाचा गोळा दाबायची, वरून तळवा मारायची, पुढे सरकायची. मधेच एका हातानं कंबर धरून उभी राहायची आणि पुन्हा वाकायची. पाटात पाणीच नव्हतं, आणि ती बाई पाणी गळू नये म्हणून भोकं बुजवत होती. सूरज बांबूच्या सावलीत उभा राहून पाहत होता. हाक मारावी असं त्याला किती वाटलं! पण हाक मारली तर पास गेला. त्यानं हाक मारली नाही.

संध्याकाळी चंद्रकुमारच्या बांध्या काठोकाठ भरल्या. तेव्हा कुठं सूरजनं धुऱ्याचं तोंड बुजवलं आणि पाट मोकळा केला. पण तोवर तुडुमाचा जोर गेला होता. पाणी वळणापर्यंत आलं आणि वाळक्या पाटात जिरत रांगत चाललं. सूरज गाडी काढून तडक मिलवर गेला.

मिलच्या पडवीत कोंड्याच्या पोत्यांवर आधीच पोट्टे बसलेले. त्यात धर्मेंद्र होता, सूरजबरोबर वेल्डिंगला असणारा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही ओशाळले. चंद्रकुमार टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला.

"बरं झालं सारेच आले. हे पाहा, पास निघाला एक अन् पोट्टे तुमी चार. मले सगळे सारखेच. तवा असं करू, आठ आठ दिवस एक एक जण जा."

"भाऊ, तुमी मले वर्षभराचा म्हणले होते," सूरज म्हणाला.

"पास वर्षभराचाच हाये ना! मी कुठी नाही म्हणलं?" चंद्रकुमार हसला. "अरे, तुह्या बापाचंच तं चालवून राह्यलो मी. जिंदगीभर तेच सांगत आला ना तो, वाटून खा म्हणून? हा घे समाजवाद!"

पोट्टे हसले. हसायलाच पाहिजे होतं, प्रत्येकाला आठ दिवस हवे होते. धर्मेंद्रही हसला, पण खाली पाहून. सूरजला हसू आलं नाही. वाटून खायचं ते फक्त आम्हीच काय? हा एक पास चौघांत फाडायचा, आणि भरलेल्या बांध्या मात्र याच्या एकट्याच्या? त्या बांध्या सूरजनं स्वतःच्या हातानं भरून दिल्या होत्या. शिवी ओठांवर आली होती, पण दिली कोणाला असती? तो तसाच पायऱ्या उतरला.

"पहिले आठ दिवस धर्मेंद्रचे," मागून चंद्रकुमारचा आवाज आला. "तुहा नंबर शेवटी, सूरज. पाणकराचा पोरगा ना तू!"

दुसऱ्या दिवशी उजाडत ताराचंद काठी टेकत पाळीवर आला. ललिताबाई मागून ओरडत होती, पण तो थांबला नाही. पाळीवर उभं राहिलं की सगळी शेती दिसते. चंद्रकुमारच्या बांध्या आभाळासारख्या चकाकत होत्या, त्याखाली सगळं पांढरं रखरखीत. पाणकराला यापुढे काही सांगावं लागत नाही. सूरज शेजारी उभा होता. बाप मारेल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"जनाबाई काल अंधार पडेपर्यंत भोकं बुजवत होती," ताराचंद म्हणाला. "रात्री घरी येऊन तुह्या मायले हळद मागे. कंबर धरली तिची. म्हणे, यंदा खेकडे लय झाले."

सूरज जनाबाईच्या बांधीकडे पाहू लागला.

"तिले जाऊन सांग. खेकडा कोण होता ते."

"बाबा..."

"सांग तिले. मंग तुले काय करा लागते ते तुले माहीत हाये."

माहीत होतं. पाळी, म्हणजे पाण्याचा ठरलेला क्रम, मोडून घेतलेलं पाणी पाणकरानं धुरा फोडून परत घ्यायचं, ही बेहडाटोल्याची जुनी रीत. पण धुरा लपून फोडायचा नाही. लोकांदेखत फोडायचा आणि पाळी कोणी मोडली ते आधी तोंडानं सांगायचं. सांगितलं म्हणजे गावात तोंड गेलं, आणि वाट्याला आलेले आठ दिवसही गेले.

जनाबाई बांधीच्या धुऱ्यावरच बसली होती, हातात एक लोंब घेऊन. लोंब दाबून पाहत होती, दाण्यात दूध भरलं का म्हणून. सूरज समोर उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला. पास, चंद्रकुमार, बांबूचं बेट, खेकडे. जनाबाईनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. आपल्या तळव्यांकडे पाहिलं. चिखल दाबून दाबून कातडं सोललेलं होतं.

"मी तुह्यासंग गोड बोलत होती ना रे काल," ती म्हणाली. "बाबाचा पाय इचारत होती."

तिनं पावडा उचलून त्याच्या हातात दिला. "चाल. फोड."

चंद्रकुमारच्या धुऱ्यावर पाहता पाहता माणसं जमली. खालच्या बांध्यांचे सगळे, बाया जास्त. सुगतही आला. पांढऱ्या गाडीतून चंद्रकुमार उतरला, चपला हातात घेऊन धुऱ्यावर चढला.

"हात लावून पाहा माह्या धुऱ्याले! म्या चोरी केली काय? पाणकराच्या पोरानं देल्लं मले पाणी. इचारा त्याले."

सगळ्यांनी सूरजकडे पाहिलं. रस्त्यावर धर्मेंद्र गाडीवर थांबलेला होता, डोक्यावर हेल्मेट. त्याचे आठ दिवस आजपासून सुरू होणार होते.

"हो, मीच देल्लं," सूरज म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "पाळी मी मोडली. पासासाठी मोडली. जनाकाकीले खोटं मी सांगतलं. आता फोडतो बी मीच."

"फोड तं पाहू! अन् मंग कंपनीच्या गेटासमोर दिसला तं..."

"नाही दिसत," सूरज म्हणाला आणि पावडा घातला.

पहिल्या घावाला माती सुटली नाही. दुसऱ्याला ढेकूळ निघालं आणि पाणी पाटात भसकन आलं. कोणीतरी बाई "अगं माय" म्हणाली. रस्त्यावरून धर्मेंद्रची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सूरजनं वर पाहिलं, तर तो मान खाली घालून निघून चालला होता. सूरजला त्याचा राग आला नाही. त्याला ते गेट आठवलं.

सुगतनं बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पॅन्ट वर केली आणि बांधीत पाय टाकताच घोट्यापर्यंत रुतला. बाया हसल्या. "हासा, हासा," तो म्हणाला आणि सूरजजवळ येऊन हळूच बोलला, "काय बे, कळला ना समाजवाद?"

"मले काही कळलं नाही. चूप बस अन् पावडा धर. तोंड मोठं करा लागते."

दिवसभर ते पाणी हाकत खाली नेत राहिले. दुपारनंतर धार जनाबाईच्या बांधीत शिरली, तेव्हा ती धुऱ्यावर उभी राहून नुसती पाहत राहिली. मग एकाएकी ओरडली, "बाबू, इकडे ये! इथं खरंच भोक हाये!"

सूरज धावत गेला. पाणी भोवरा करून काठात शिरत होतं. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि कळवळून बाहेर ओढला. बोटाला खेकडा लटकत होता. जनाबाई हसायला लागली, कंबर धरून हसली. "धरून ठेव," म्हणाली, "एक तं खरा सापडला!" सूरजच्या बोटातून रक्त येत होतं आणि तोही हसत होता, डोळ्यांत पाणी आणून.

शेवटची बांधी झाली, मग तिच्यावरची, मग तिच्यावरची. ताराचंदच्या बांधीच्या एक अलीकडे पाट थांबला. सूरज तलावात उतरून आला, तुडुमाच्या तोंडात नुसता चिखल होता.

घरी ताराचंद खाटेवर वाट पाहत बसलेला. ललिताबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि पोराच्या बोटाला चिंधी बांधली. काय झालं ते तिला कळलेलं होतं. आपल्या धानाचं काय, हे तिनं विचारलं नाही. पण विळा काढून तिनं भिंतीला टेकवून ठेवला होता. पोचट धान बैलापुरता तरी कापून आणावा लागणार होता.

"आपल्या बांधीले?" बापानंच विचारलं.

"नाही आलं. एका बांधीनं राह्यलं."

ताराचंदनं मान हलवली. दारात उभं राहून सूरज आपल्या धानाच्या दिशेनं पाहत होता. इथून काही दिसत नव्हतं, तरी पाहत होता.

"वाईट वाटलं?" ताराचंदनं विचारलं.

"वाटलं," सूरज म्हणाला. "लय वाटलं, बाबा."

"मलेई वाटते," बाप म्हणाला. "दरसाल वाटते."